दुसऱ्याचा डाव : वापरलेल्या कॅसेटमधील नोंद पुसण्याविषयी

'हरताळ फासणे' या वाक्प्रचाराला आज मराठीत केवळ विध्वंसाचा अर्थ उरला आहे. नियमांना हरताळ फासला, वचनाला हरताळ फासला, असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात नासधुशीखेरीज दुसरे काही नसते. या वाक्प्रचाराचे मूळ मात्र लेखकूच्या बैठकीत आहे. पोथी उतरून काढताना अक्षर चुकले, तर ते खोडून पान विद्रूप न करता त्यावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप द्यावयाचा, आणि तो वाळला की त्याच जागी शुद्ध अक्षर लिहावयाचे, अशी जुनी रीत होती. म्हणजे मुळात ही क्रिया नाशाची नव्हे, शुद्धीची. त्याच लेखनसंस्कृतीत पोथीच्या जोडीने धूळपाटीही नांदत होती. तेथे पुसणे ही चुकीची दुरुस्ती नव्हती. मागचे अक्षर मोडल्याखेरीज पुढचे अक्षर काढावयास जागाच नसे. पोथीवर पुसणे हा अपवाद, धूळपाटीवर पुसणे हा नियम. या दोन भिन्न क्रियांना भाषेने एकच क्रियापद दिले, आणि काळाच्या ओघात दोहोंवर नाशाची छाया पडली. ही वाटणी ध्यानात ठेवली, तर अगदी अलीकडच्या एका कलाप्रकारात उद्भवलेला प्रश्न नीट मांडता येतो. तो प्रश्न असा : हातात धरून खेळावयाच्या व्हिडिओ गेमची वापरलेली कॅसेट दुसऱ्याच्या हाती आली असता, पहिल्या खेळाडूने तीत राखून ठेवलेला डाव पुसणे ही क्रिया कोणत्या जातीची आहे? ती हरताळाची आहे, धूळपाटीची आहे, की खरोखरच नाशाची?

प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पोरखेळासाठी संहिताशास्त्राची सामग्री मांडणे म्हणजे मुंगीवर मेरू घालणे, असे कोणी म्हणेल. परंतु वाचन संहितेच्या बाहेर राहते की आत उतरते, हा वाद साहित्यविचारात जुना आहे. आणि ज्या प्रकारात वाचन शब्दशः संहितेच्याच वस्तूत उतरते, तेथे त्याची तपासणी अधिक काटेकोरपणे करता येते, हे नाकारण्याचे कारण नाही.

प्रथम वस्तूविषयी. कोशाच्या आधाराने या वस्तूला 'काडतूस' म्हणावे लागेल. पण महाराष्ट्रातील कोणत्याही मुलाने तिला कधी काडतूस म्हटलेले नाही. तो शब्द 'कॅसेट' असाच रूढ झाला. १९९० नंतरच्या दशकात दूरदर्शनसंचाला जोडावयाचे समुराई, लिटल मास्टर यांसारखे खेळसंच घरोघरी आले, त्यांच्या कॅसेटी भाड्याने मिळत, अदलाबदलीने फिरत, आणि खेळ चालला नाही की त्यांच्या तोंडात फुंकर घातली जाई. एकाच कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याची जाहिरात वेष्टनावर असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ पुनःपुन्हा मोजलेले असत. या कॅसेटींचे एक लक्षण येथे महत्त्वाचे आहे. त्यांतील बहुतेकींना स्मरण नव्हते. कळ बंद केली की डाव गेला. मराठी मुलांच्या एका संपूर्ण पिढीला हा खेळ ठाऊक झाला तो धूळपाटीच्या रूपात. दररोज पहिल्या अक्षरापासून.

हातातल्या खेळाची गोष्ट वेगळी होती. निन्टेंडो या जपानी कंपनीचा गेम बॉय १९८९ साली निघाला. पावससारख्या गावात, रत्नागिरीच्या दक्षिणेस समुद्रालगतच्या त्या टापूत, अशी वस्तू दुकानातून येण्यापेक्षा मुंबईच्या चाकरमान्याच्या किंवा आखातातील नातलगाच्या पिशवीतून येण्याचाच संभव अधिक, आणि मग ती कोणा दुसऱ्या मुलाने खेळून सोडलेली असण्याचाही संभव तितकाच. गणपतीला गावी आलेल्या मोठ्या चुलतभावाने धाकट्याला ती देऊन टाकली, असे कल्पिले तरी पुरे. धाकटा कळ दाबतो. आणि पडद्यावर त्याच्या आधी दुसऱ्याच कोणाचे नाव उभे राहते.

हे नाव कोठून येते? या कॅसेटच्या पोटात दोन निराळ्या स्मृती असतात. पहिली मुद्रित ग्रंथासारखी : कारखान्यातून निघतानाच तिच्यात खेळाची संहिता कायमची घडलेली असते आणि खेळाडूला तीत अक्षरही फिरवता येत नाही. दुसरी लहान, लिहिता-पुसता येणारी. आणि वीज तुटली की कोरी होणारी. ती कोरी होऊ नये म्हणून नाण्याएवढा एक लिथियमचा सेल कॅसेटमध्येच डाखलेला असतो. खेळयंत्र बंद असताना, कॅसेट खणात पडली असताना, हा सेल अत्यल्प वीज पुरवून पहिल्या खेळाडूचा डाव जागा ठेवतो. 'पोकेमॉन रेड' या खेळाच्या १९९८ सालच्या इंग्रजी आवृत्तीत संहितेसाठी एक मेगाबाइट आणि खेळाडूच्या नोंदीसाठी ३२ किलोबाइट जागा आहे. ग्रंथाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर बत्तीस पाने ग्रंथकाराची आणि एक पान वाचकाचे. मात्र हे एक पान शेवटी जोडलेले कोरे पान नव्हे. उरलेली बत्तीस पाने कोणत्या क्रमाने आणि कोठून उघडावयाची, हे तेच ठरवते.

येथे मराठी समीक्षेच्या एका प्रतिष्ठित भूमिकेची आठवण होणे अपरिहार्य आहे. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये कलाकृतीचा विचार तिच्या घटकांच्या परस्परसंबंधांतून सिद्ध होणाऱ्या लयबद्ध रचनेच्या रूपाने केला. या विचारात रसिकाला स्थान आहे, पण ते रचनेबाहेरचे. रसिक बदलला म्हणून रचना बदलत नाही. ग्रंथालयातील कादंबरी आधी शंभर जणांनी वाचली असली तरी एकशेएकाव्या वाचकाला तिचे पहिले पान पहिलेच लाभते. समासात कोणी पेन्सिलीने रेघा ओढल्या असतील, तर तो प्रतीचा दोष, कृतीचा नव्हे. प्रत आणि कृती यांतील हा भेद इतका स्वाभाविक वाटतो की त्याच्या आधाराची कोणी विचारपूस करीत नाही. कॅसेट हा भेद मोडते. तेथे मागील वाचकाची रेघ समासात नसते. ती पहिल्या पानाच्या जागी असते.

'पोकेमॉन'चेच उदाहरण घ्यावे. हा खेळ जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभ नामकरणाने होतो. एक प्राध्यापक खेळाडूला त्याचे नाव विचारतो. मग त्याच्या प्रतिस्पर्ध्याचेही नाव खेळाडूलाच ठेवावयास सांगतो. त्यानंतर तीन प्राण्यांतून एकाची निवड होते आणि ती पुढे बदलता येत नाही. नाव, वैरी आणि पहिला सोबती : आख्यानाची ही तीन बीजे पहिल्या काही मिनिटांतच पेरली जातात. पण कॅसेटमध्ये डाव राखण्याची जागा एकच आहे. वापरलेली कॅसेट सुरू करणाऱ्यास म्हणून आरंभ दिसत नाही. यादीत वरचा पर्याय असतो तो 'पुढे चालू' असा. तो निवडला की एक लहानसा फलक येतो : खेळाडूचे नाव, मिळवलेल्या पदकांची संख्या, नोंदलेल्या प्राण्यांची संख्या, आणि खेळात घालवलेले तास व मिनिटे. पोथीच्या अखेरीस लेखकू शक, तिथी, स्थळ आणि आपले नाव नोंदवतो, त्या पुष्पिकेशी या फलकाचे साम्य कोणाही हस्तलिखिताच्या अभ्यासकास जाणवेल. फरक एवढाच की पुष्पिका ग्रंथान्ती येते आणि ही आरंभी.

प्रतिस्पर्ध्याच्या नावाविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण पुसण्याचा संकोच सर्वांत अधिक तेथेच होतो. नायकाचे नाव मूल बहुधा स्वतःचे ठेवते. त्यात नवल नाही. पण सबंध खेळभर ज्याला हरवावयाचे त्याचे नाव ठेवताना मूल आपल्या जगातले कोणी तरी निवडते. तो भाऊ असेल, वर्गातला सोबती असेल. कधी तो केवळ एखादा शब्दही असेल. दुसऱ्या मालकाला हे नाव वाचता येते, पण उमगत नाही. एका अनोळखी बालपणातील भांडण त्याच्या हाती लागते. मात्र भांडणाचे कारण त्याच्या हाती लागत नाही. कादंबरीकाराने योजूनही साधली नसती अशी ही रिकामी जागा आहे, आणि ती कोणी योजलेली नाही.

आता पुसण्याकडे यावे. या खेळात त्याचे दोन मार्ग आहेत आणि ते साहित्यदृष्ट्या समान नाहीत. पहिला मार्ग : नवा डाव मांडावा आणि तो राखावा. राखतेवेळी जुनी नोंद पुसली जाईल, चालेल काय, असे यंत्र विचारते. होकार दिला की नवे नाव जुन्याच्या जागी बसते. दुसरा मार्ग शीर्षकाच्या पडद्यावर तीन कळा एकत्र दाबण्याचा : वरची दिशा, 'सिलेक्ट' आणि 'बी'. ही युक्ती खेळात कोठे सांगितलेली नाही. ती एकाकडून दुसऱ्याकडे कर्णोपकर्णी जाते. तीन बोटांची अशी अवघड मिठी मुद्दामच योजलेली असावी. चुकून कोणाचा डाव जाऊ नये, आणि ज्याला खरोखर पुसावयाचे आहे त्याला आपण काय करीत आहोत याचे भान असावे.

पहिल्या मार्गाने काय होते, हे संहिताशास्त्राच्या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. नवा डाव राखल्याने मुख्य नोंद बदलते. पण पूर्वीच्या खेळाडूने पेट्यांत साठवलेले प्राणी त्या क्षणी नष्ट होतातच असे नाही. नवा खेळाडू पहिल्यांदा पेटी बदलतो, तेव्हा त्या सर्व पेट्या रिकाम्या केल्या जातात. तोपर्यंत जुन्या मालकाची संपत्ती नव्या मालकाच्या पायांखाली, त्याला न दिसता, तशीच पडलेली असते. पाश्चात्त्य ग्रंथविद्येत याला नेमका दृष्टान्त आहे. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील एक चर्मपत्रावरील प्रत तेराव्या शतकात खरवडून तिच्यावर प्रार्थनाग्रंथ लिहिला गेला. खालची पुसट अक्षरे १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश पंडिताने वाचली, आणि अगदी अलीकडे निरनिराळ्या प्रकाशलहरींत छायाचित्रे घेऊन आणखी मजकूर हाती लागला. आपल्याकडेही जुना लेख ठोकून सपाट केलेल्या ताम्रपटावर नवा लेख कोरल्याची उदाहरणे पुराभिलेखांच्या अभ्यासकांस परिचित आहेत. जुन्या अक्षरांच्या खाचा अशा पत्र्यावर तिरप्या उजेडात डोकावतात. दान देणाऱ्याला त्या खाचा नको होत्या. अभ्यासकाला नेमक्या त्याच हव्या असतात.

'पोकेमॉन'च्या रचनेत आणखी एक तरतूद आहे आणि तीमुळे हा खेळ एकाच जागेच्या कद्रूपणातून काहीसा सुटतो. प्रत्येक प्राण्यावर त्याच्या मूळ धन्याचे नाव आणि क्रमांक असतो. दोन यंत्रे तारेने जोडून प्राणी या कॅसेटमधून त्या कॅसेटमध्ये नेता येतो; नेला तरी मूळ धन्याचे नाव त्याच्यावर तसेच राहते. एवढेच नव्हे, तर परका प्राणी फार बलवान असेल आणि नव्या धन्याने पुरेशी पदके मिळवली नसतील, तर तो त्याचे ऐकतही नाही. मालकी हस्तांतरित होते. कर्तृत्व होत नाही. पुसण्यापूर्वी एखादा आवडता प्राणी दुसऱ्या कॅसेटमध्ये हलवणे म्हणजे जीर्ण पोथीतील एक प्रकरण नव्या पोथीत उतरून घेणे होय, आणि तेही पूर्वीच्या लेखकूच्या नावानिशी. पावसच्या त्या कल्पित धाकट्या भावाने हेच केले, तर थोरल्याचा डाव मोडूनही त्याचे नाव पुढे चालत राहील. मात्र त्यासाठी दुसरे यंत्र, दुसरी कॅसेट आणि ती जोडणारी तार हवी. म्हणजेच दुसरे मूल हवे. खेळाच्या कर्त्यांनी हे संरक्षणाच्या हेतूने केलेले नाही, मुलांनी एकमेकांकडे जावे म्हणून केले. कलेतील पुष्कळशा चांगल्या गोष्टी अशाच आडवाटेने साधतात.

'पोकेमॉन'मध्ये पुसणे हे कृतीच्या भोवती घडते; कृतीच्या आशयात त्याला स्थान नाही. ते आशयात आणले गेले ते त्याच यंत्रासाठी १९९३ साली निघालेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा : लिंक्स अवेकनिंग' या खेळात, आणि केवळ कलामूल्याच्या दृष्टीने पाहता प्रस्तुत विषयात त्याचेच स्थान सर्वांत वरचे मानावे लागते. वादळात सापडून नायक एका बेटावर येऊन पडतो. बेटावरच्या पर्वतशिखरावर एक अंडे आहे व त्यात एक महामत्स्य निद्रिस्त आहे. त्याला जागे केल्याविना नायकाला बेट सोडता येत नाही. खेळ अर्धा-अधिक सरल्यावर उमगते की हे बेट, तेथील गाव, गाणारी मुलगी, दुकानदार, सारे त्या मत्स्याचे स्वप्न आहे. तो जागा होणे म्हणजे बेट पुसले जाणे. खेळाडूला ध्येय गाठावयाचे असेल, तर ज्या जगात त्याने हे तास घालवले ते स्वतःच्या हाताने पुसणे त्याला भाग आहे. मायावादाशी परिचित असलेल्या मराठी वाचकास ही कल्पना नवी नाही. परंतु येथे ती उपदेश म्हणून येत नाही, क्रिया म्हणून येते.

याहून मार्मिक गोष्ट नोंदीच्या बाबतीत आहे. या कॅसेटमध्ये तीन डाव राखता येतात. म्हणजे दुसऱ्या मालकाला पहिल्याचा डाव पुसण्याची सक्ती नाही; तो शेजारी बसू शकतो. प्रत्येक डावाच्या नावाखाली तो खेळाडू कितीदा मेला याचा आकडा असतो आणि तो कमी करता येत नाही. एकदाही न मरता खेळ पूर्ण करणाऱ्यास अखेरीस एक जादा दृश्य दिसते. एरवी ते दिसत नाही. गावातील दुकानातून पैसे न देता वस्तू पळवता येते. पळवली तर त्या क्षणापासून खेळाडूचे नाव बदलते आणि सारे गाव त्याला 'चोर' या नावाने हाक मारू लागते. हे नाव पुन्हा कधीही पालटत नाही. आणि शेवट पाहून झाल्यावर यंत्र पुन्हा सुरू केले तर? राखलेला डाव शेवटाची नोंदच घेत नाही. खेळाडू अखेरच्या लढाईच्या आधी, त्याच बेटावर, पुन्हा उभा असतो. कथेत बेट पुसले गेले आहे, कॅसेटमध्ये ते तसेच आहे. कथा जे मोडते ते स्मृती राखते, हा विरोध कर्त्यांनी तांत्रिक सोयीसाठी स्वीकारला की जाणून, हे ठरवण्याची गरज नाही. रचनेत तो आहे, आणि रचनेला तो शोभतो.

वापरलेली अशी कॅसेट हाती आलेल्या माणसाने पहिल्या पडद्यावर 'चोर' हे नाव वाचले, तर त्याच्यासमोर एक लहानसे नैतिक आख्यान आयतेच उभे राहते. कोणी तरी कधी काळी एक वस्तू उचलली आणि मग उरलेला सर्व खेळ त्या नावाखाली खेळला. पुसून नव्याने मांडला नाही. तिसरी जागा मोकळी असताना ते नाव पुसावे काय? येथे पुसणे ना शुद्धी ठरते, ना सोय. येथे ते दुसऱ्याच्या वतीने केलेले क्षालन ठरेल, आणि तसे करण्याचा अधिकार दुसऱ्यास आहे असे म्हणणे कठीण आहे.

यावरून न पुसता येणारी नोंद हीच कलेच्या दृष्टीने श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो चुकीचा ठरेल. २०११ साली कॅपकॉम या कंपनीने निन्टेंडोच्या थ्रीडीएस या यंत्रासाठी 'रेसिडेंट ईव्हिल : द मर्सिनरीज थ्रीडी' हा खेळ काढला. त्यातील नोंद एकदा झाली की पुसता येणार नाही, असे सोबतच्या माहितीपत्रकातच छापलेले होते. नवी पात्रे आणि नवी कौशल्ये टप्प्याटप्प्याने खुली व्हावीत, असा या खेळाचा घाट. म्हणजे चढण हाच त्याचा आशय. वापरलेली प्रत घेणाऱ्यास मात्र तो सर्व जिना चढून झालेला मिळे. पाश्चात्त्य देशांत यावर बराच गदारोळ झाला. काही विक्रेत्यांनी वापरलेल्या प्रती परत घेण्याचे नाकारले. पुनर्विक्री रोखणे हा आपला हेतू नव्हता, असे कंपनीने सांगितले. हेतूचा वाद बाजूस ठेवला तरी कृतीचा दोष राहतोच. 'लिंक्स अवेकनिंग'मधील 'चोर' हे नाव पुसता येत नाही ते एका डावापुरते. ते कर्त्याच्या कर्माशी बांधलेले आहे, आणि पूर्ण डाव पुसून टाकण्याचा मार्ग खुला आहे. २०११ च्या या खेळात एका वाचकाचे कर्म दुसऱ्या वाचकाच्या माथी मारलेले आहे. पहिल्यात अमिटपणाने आशयाला वजन येते. दुसऱ्यात त्याने आरंभच हिरावून घेतला जातो. कलाकृतीला अंत नसला तरी एक वेळ चालते. आरंभ नसलेली कलाकृती वाचकाला प्रवेशच देत नाही.

म्हणजे वाचकाच्या बाजूने पुसण्याचा अधिकार मान्य केलाच पाहिजे. परंतु विद्यापीठीय संशोधनाचे हितसंबंध वाचकाच्या हितसंबंधांशी नेहमी जुळत नाहीत, याची साक्ष मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. मधल्या तीन शतकांत लेखकूंच्या आणि श्रोत्यांच्या हातून जे पाठ शिरले होते ते दूर सारून ग्रंथ शुद्ध केला, आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही ग्रंथाच्या अखेरीस नोंदवली. भक्ताच्या आणि वाचकाच्या दृष्टीने हे उपकार केवळ अनमोल. पण त्या शुद्धीच्या हरताळाखाली काय झाकले गेले, हा प्रश्न संशोधकाला स्वस्थ बसू देत नाही. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा शोध आणि त्यासंबंधीचा वाद चालत आला आहे. एकनाथांना प्रक्षेप वाटले ते मधल्या तीन शतकांतील वाचकांचे डाव होते. त्यांनी ग्रंथ कसा वाचला, कोठे त्यांना अर्थ लागेना म्हणून त्यांनी शब्द पालटला, कोठे त्यांच्या बोलीने ग्रंथाच्या बोलीवर मात केली, हे सर्व त्या अशुद्ध पाठांत होते. लीळाचरित्राच्या बाबतीत उलटे घडले. मूळ प्रत धाडीत गेली आणि अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ती पुन्हा बांधली, असे महानुभाव परंपरा सांगते. परिणामी एकाऐवजी अनेक पाठ हाती आले आणि वाचकांच्या खुणाच संहिता होऊन बसल्या.

पुसणे आणि राखणे यांखेरीज तिसरा मार्ग आहे काय? पावस या गावाचे नाव येथे केवळ कल्पित भावंडांसाठी आलेले नाही. स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) यांनी आपल्या आयुष्याचा मोठा काळ तेथे घालवला, आणि त्यांची 'अभंग ज्ञानेश्वरी' ही या तिसऱ्या मार्गाची ठळक निशाणी आहे. ज्ञानेश्वरीची ओवी अर्वाचीन वाचकास दुर्बोध झाली, ही अडचण त्यांच्यासमोर होती. मधल्या लेखकूंसमोरही ती होतीच. लेखकूंनी ती ओवीच्या आत शिरून सोडवली; अवघड शब्दाच्या जागी सोपा शब्द ठेवला. स्वरूपानंदांनी मूळ ओवीला हात लावला नाही. तिच्या शेजारी, निराळ्या वृत्तात, आपल्या काळाच्या मराठीत, आपले वाचन उभे केले. यात एकनाथांची ताकीद पाळली जाते आणि वाचकाचा डावही मोडत नाही. अभंगात ओवीचा डौल उतरला नाही, ओवीची मोकळी लांबी अभंगाच्या बांधणीत कोठे कोठे आखडते, ही टीका रास्त आहे. पण ती एका स्वतंत्र ग्रंथावरील टीका आहे, प्रक्षेपावरील नव्हे. आणि दोन्ही ग्रंथ समोर ठेवून ती करता येते, हाच या मार्गाचा लाभ. 'लिंक्स अवेकनिंग'मधील दुसऱ्या जागेचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही.

हा मार्ग कॅसेटच्या संशोधकालाही आता उपलब्ध आहे. कॅसेटमधील नोंद संगणकावर जशीच्या तशी उतरवून घेणारी साधी उपकरणे मिळतात. नोंद उतरवली की कॅसेट पुसली तरी वाचकाचा आरंभ त्याला मिळतो आणि संशोधकाचा पाठ त्याच्याकडे राहतो. मात्र जेथे या खेळांचे जतन होते तेथे आजवर लक्ष दिले गेले ते मुख्यतः कारखान्यात घडलेल्या संहितेकडे. ती तर लाखो प्रतींत एकसारखीच आहे. कोठून तरी ती मिळेलच. एकेका प्रतीतच असलेली ती बत्तीस किलोबाइटची पाने, त्यांतील नावे, वैऱ्यांची नावे, मृत्यूंचे आकडे, यांना प्रतीचा दोष समजून बाजूस टाकण्यात येते. मराठी हस्तलिखितांच्या सूची करणाऱ्या पहिल्या पिढीनेही पुष्कळदा ग्रंथाचे नाव लिहिले आणि पुष्पिका सोडून दिली. पुढच्या पिढीला गावे, लेखकू आणि शक यांसाठी त्याच पोथ्या पुन्हा सोडाव्या लागल्या.

कॅसेटच्या बाबतीत पुन्हा सोडण्यास तेवढा अवधी नाही. त्या नाणेवजा सेलचे आयुष्य सामान्यतः पंधरा-वीस वर्षांचे मानले जाते. १९९९ सालच्या 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या खेळांत तोच सेल एक घड्याळही चालवतो, म्हणून तो आणखी लवकर संपतो. पुढच्या यंत्रावरील काही कॅसेटींत वीज नसताही टिकणारी स्मृती आली, त्यांची चिंता तूर्त नाही; पण त्या आधीच्या कॅसेटींतील डाव कोणी न पुसताही पुसले जात आहेत. सेल बदलावयाचा म्हटले, तरी जुना सेल डाखातून सोडवताच स्मृती कोरी होते. नंतर कळ दाबली, तर यादीत 'पुढे चालू' हा पर्यायच दिसत नाही, 'नवा डाव' तेवढा वर असतो. आणि प्राध्यापक पुन्हा पहिल्यापासून नाव विचारू लागतो.